नॉर्मा देवदासी नव्हे

प्रश्न असा आहे : इटालियन संगीतकार बेल्लिनीच्या 'नॉर्मा' या ऑपेराची मराठीत ओळख करून देताना नायिकेला काय म्हणावं? एका मजकुरात तिला 'देवदासी' म्हटलंय, दुसऱ्यात 'पुरोहिता'. 'पुजारीण' चालेल का?

माझ्या मते 'पुजारीण'च चालेल आणि 'देवदासी' मुळीच चालणार नाही.

आधी ही बाई कोण ते बघू. 'नॉर्मा' पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात, 26 डिसेंबर 1831 रोजी. कथा रोमनांच्या ताब्यातल्या गॉलमधली, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधली. नॉर्मा ही द्रुइडांच्या, म्हणजे तिथल्या प्राचीन धर्मगुरूंच्या, प्रमुखाची मुलगी. सोन्याच्या विळ्याने पवित्र वनस्पती कापायची, चंद्रदेवीची प्रार्थना म्हणायची आणि लढायचं की थांबायचं याचा दैवी कौल सांगायचा, हे तिचं काम. पुरुषसंग तिला वर्ज्य. पण रोमन अधिकारी पोलिओने याच्यापासून तिला दोन मुलं आहेत, ती लपवून वाढवलेली. लोक लढाईसाठी आतुर झालेले असताना ती सांगते, अजून वेळ आलेली नाही, रोम आपल्याच दुर्गुणांनी मरेल. हा कौल देवाचा की पोलिओनेच्या काळजीचा? तिची सगळी ओढाताण या एका जागी दिसते.

आता 'देवदासी' घ्या. आपल्याकडे यल्लम्माला सोडलेली जोगतीण, खंडोबाशी लग्न लावलेली मुरळी, गोव्यातली भावीण या सगळ्यांना मिळून हा शब्द वापरला जातो. या बायकांना माणसाशी लग्न करायची मुभा नव्हती, पण पुरुषसंबंधाला बंदी नव्हती. उलट तो त्यांच्यावर लादला गेला. नॉर्माचं नेमकं उलटं आहे. तिच्या हातात सत्ता आहे, तिच्या शब्दावर टोळ्या शस्त्रं उचलतात, आणि तिचा अपराध म्हणजे पुरुषाशी संबंध. शिवाय जी प्रथा कायद्याने बंद करावी लागली, मुंबई प्रांतात 1934 साली आणि पुन्हा महाराष्ट्रात 2005च्या कायद्याने, तिचं नाव नुसत्या नादासाठी दुसरीकडे चिकटवणं मला त्या बायकांवर अन्याय केल्यासारखं वाटतं.

'पुरोहिता' व्याकरणाला धरून आहे. पण पुरोहित यजमानासाठी विधी करतो : लग्न, मुंज, वास्तुशांत. पुण्यात आज कितीतरी बायका पौरोहित्य करतात, त्या संसारी आहेत आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. त्या शब्दात ब्रह्मचर्याची अट नाही आणि देवळाशी बांधलेपणही नाही.

राहिली 'पुजारीण'. अडचण एवढीच, की मराठीत '-ईण' पुष्कळदा बायको दाखवते. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, गुरवीणही तशीच. म्हणून 'पुजारीण' म्हटल्यावर कुणाला पुजाऱ्याची बायको आठवेल. पण माळीण, कोळीण, शेजारीण हे शब्द त्या त्या बाईसाठीही चालतातच. त्यामुळे पहिल्या उल्लेखाला 'व्रतस्थ पुजारीण' लिहावं आणि पुढे नुसतं 'पुजारीण'. 'व्रतस्थ' हा फार नेमका शब्द आहे. त्यात ब्रह्मचर्य येतं आणि ते आपण होऊन पत्करलेलं बंधन आहे हेही येतं. 'साध्वी' किंवा 'संन्यासिनी' मी टाळेन; त्यांनी जग सोडलेलं असतं, नॉर्मा तर राजकारणाच्या मध्यावर उभी आहे. कौल सांगण्यापुरती ती आपल्या भगताच्या जवळची, पण 'भगतीण' म्हटलं तर वाचक गॉलमधून थेट कोकणात येईल.

याच्याही पुढचा एक शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शेवटी नॉर्मा सगळ्यांसमोर सांगते की एका पुजारणीने गुन्हा केलाय. त्या पुजारणीला ती 'स्पेर्जुरा' म्हणते, म्हणजे शपथ मोडलेली. गुन्हे कोणते, तर पवित्र व्रत मोडलं, मायभूमीशी दगा केला, पूर्वजांच्या देवाचा अपमान केला. इथे मराठीत 'पतिता' लिहायचा मोह होतो, कारण अशा गोष्टींत तो शब्द आपसूक हाताशी येतो. पण 'पतिता' म्हटलं की सगळा दोष शीलावर जातो. नॉर्मा शीलाबद्दल अवाक्षर काढत नाही. 'शपथ मोडलेली पुजारीण' किंवा 'व्रतभ्रष्ट पुजारीण' म्हणा. ती कोण असं विचारल्यावर तिचं उत्तर दोनच शब्दांचं आहे, 'सोन इओ'. 'ती मी आहे' हे बरोबर असलं तरी ढिलं वाटतं. 'मीच ती' म्हणावं. त्या क्षणापर्यंत सगळ्यांना वाटत असतं की ती दुसऱ्या कुणाचं नाव घेणार, पोलिओनेला तर ती अदाल्जिसाचं नाव घेईल अशीच धास्ती आहे. म्हणून तो 'च' हवाच.

अदाल्जिसा ही त्याच देवळातली तरुण मुलगी, तिचंही मन पोलिओनेवर गेलेलं. मूळ इटालियनमध्ये तिच्यासाठी 'मिनिस्त्रा' असा वेगळा शब्द आहे. तिला 'देवळातली सेविका' म्हटलं, की दोघींमधली पायरी मराठीतही कळते.