लझान्यासाठी रिकोटा घ्यावं की कॉटेज चीज? आणि कॉटेज चीज म्हणजे आपलं पनीरच ना?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच अमेरिकेत आलात, पुढच्या शनिवारी पॉटलक आहे, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, त्याला पालकाचा शाकाहारी लझान्या (पास्त्याच्या रुंद पट्ट्या, सॉस आणि चीज थरांत लावून भाजतात तो) न्यायचाय, आणि दुकानात फ्रीजसमोर दोन पांढरे डबे हातात घेऊन उभ्या राहिलात पण काही कळेना. मला अगदी समजतंय, कारण दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात, दोन्ही पांढरे, दोन्ही मऊ, किंमतीत पण फार फरक नाही, आणि नेटवर निम्मे लोक म्हणतात काही फरक पडत नाही. पडतो. तर आधी उत्तर सांगते, रिकोटा घ्या. होल मिल्क लिहिलेलं, १५ औंसाचे दोन डबे, ९ बाय १३ इंचाच्या ट्रेला व्यवस्थित पुरतात. कॉटेज चीज आधीच घरात आणलं असेल तर तेही चालेल, फक्त त्याच्यावर थोडं जास्त काम करायला लागतं, ते खाली सांगते.

आता पनीरचं. नाही, कॉटेज चीज म्हणजे पनीर नाही. आपल्याकडे हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर पनीरला इंग्रजीत कॉटेज चीज लिहायची पद्धत पडलीय त्यामुळे आपण सगळेच तसं धरून चालतो. मी २००८ मध्ये इकडे न्यू जर्सीत एडिसनला आले तेव्हा मी पण तेच धरून चालले होते. मटार पनीर करायचं म्हणून कॉटेज चीजचा डबा आणला, उघडला तर आत क्रीममध्ये भिजलेले पांढरे दाणे, म्हटलं इकडे असंच मिळत असेल, आणि ते सगळं उकळत्या ग्रेव्हीत टाकलं. पाच मिनिटांत ग्रेव्ही फाटल्यासारखी दिसायला लागली, दाणे आकसून रबरासारखे चिवट झाले आणि भाजी आंबट आणि खारट, दोन्ही. पाहुणे यायचे होते त्या दिवशी, मला खरंच रडू आलं होतं. म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय, तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

फरक कुठे आहे तर बनवण्यात. कॉटेज चीज हे बरंचसं दह्याच्या वाटेनं जातं. मलई काढलेलं दूध घेतात, ते आपल्यासारखं उकळत नाहीत, फक्त पाश्चराइज करतात, विरजण लावतात, घट्ट झालं की तारांनी चौकोनी तुकडे कापतात आणि मग हळूहळू तापवतात, साधारण ५० ते ५५ डिग्री सेल्सियसपर्यंत. तुकडे आकसून दाणे होतात, पाणी काढून टाकतात, आंबटपणा जावा म्हणून दाणे गार पाण्यानं धुतात, आणि शेवटी त्यावर मीठ घातलेलं क्रीम ओततात. म्हणजे डब्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दाणे आणि त्यांच्याभोवतीचं पातळ क्रीम, त्या एकजीव नाहीयेत. ओव्हनमध्ये गेलं की दाणे आणखी आकसतात, आतलं पाणी सोडतात, क्रीम वेगळं होतं, आणि ते सगळं ट्रेच्या तळाशी जमतं.

रिकोटाचं वेगळं आहे. रिकोटा या इटालियन शब्दाचा अर्थच पुन्हा शिजवलेलं. मूळ पद्धत अशी की चीज करून झालं की जे पाणी उरतं, व्हे म्हणतात ते, ते परत तापवायचं, ८० ते ९० डिग्रीपर्यंत, की त्यात राहिलेली प्रोटीन्स ढगासारखी वर येतात, ती अलगद झाऱ्यानं काढून घ्यायची. खरवस आठवा. चिकाचं दूध वाफवलं की विरजण नाही, लिंबू नाही, तरी घट्ट होतं, ते याच जातीच्या प्रोटीन्समुळे, चिकात ती भरपूर असतात आणि उष्णतेनं सेट होतात. रिकोटाचा तो लुसलुशीतपणा तिथूनच येतो. इथल्या दुकानात जे होल मिल्क रिकोटा मिळतं ते बहुतेक अख्ख्या दुधाचंच असतं, आंबट घालून नासवलेलं, पण तेही तितकंच तापवलेलं असतं. म्हणजे जे आकसायचं ते आधीच आकसून झालंय, आणि जे पाणी उरलंय ते मऊ गोळ्यात धरून ठेवलंय. ओव्हनमध्ये ते वितळत नाही, फाटत पण नाही, जसं घातलं तसं जागेवर राहतं.

विश्वास नसेल तर घरी करून बघा, एका ताटलीत एका बाजूला चमचाभर रिकोटा, दुसऱ्या बाजूला चमचाभर कॉटेज चीज, आणि मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट. रिकोटा तसाच ढीग, फार तर कडेला थोडी ओल. कॉटेज चीजभोवती ढगाळ पाण्याचं तळं आणि मधे दाण्यांचा गठ्ठा. तुमच्या लझान्यात हेच होणार आहे, फक्त तिथे पाच थरांत, आणि पालक पण पाणी सोडणार.

मग इतके लोक कॉटेज चीज का घालतात, तर त्याला कारण आहे. आमच्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, त्यांचे आईवडील नेपल्सच्या बाजूचे. मला लझान्या त्यांनी शिकवला. त्या सांगायच्या की रिकोटा घालणं ही नेपल्सची, दक्षिणेची रीत, तिकडे कार्निव्हलच्या दिवसांत जो लझान्या होतो त्यात रिकोटा, मोझरेला, बारीक मीटबॉल, उकडलेली अंडी असं सगळं असतं. वर उत्तरेला बोलोन्याला गेलात तर रिकोटा नाहीच, तिकडे बेशामेल, म्हणजे लोणी-मैदा-दुधाचा पांढरा सॉस. १९ व्या शतकाच्या शेवटी आणि २० व्याच्या सुरुवातीला अमेरिकेत जे इटालियन आले ते बहुतांश दक्षिणेचे, म्हणून इथला लझान्या रिकोटाचा झाला. पण इटालियन वस्तीपासून लांब, मिडवेस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या भागातल्या गावांत वगैरे रिकोटा मिळायचं नाही, कॉटेज चीज मात्र सगळीकडे, म्हणून तिथल्या बायकांनी ते घातलं आणि पुढे तीच त्यांच्या घरची चव झाली. त्यामुळे कोणी कॉटेज चीज घालतं म्हणून त्यांचं चुकतंय असं मी अजिबात म्हणणार नाही. तुम्ही पहिल्यांदा करताय आणि लोकांना खिलवायचंय, म्हणून रिकोटा म्हणतेय.

आता करायचं कसं. डब्यावरचे घटक वाचा, दूध, व्हिनेगर, मीठ एवढंच असेल तर उत्तम, गम वगैरे घातलेलं मी शक्यतो टाळते. रिकोटा पण थोडं निथळून घ्या, श्रीखंडाला चक्का बांधतो तसं टांगायची गरज नाही, चाळणीत मलमलचं फडकं टाकून त्यावर पसरा, खाली भांडं, आणि फ्रीजमध्ये तासभर. दोन-तीन टेबलस्पून पाणी निघतं. फ्रोझन पालकाची १० औंसाची पाकिटं मिळतात, ती वितळवून मुठीत धरून घट्ट पिळा, मग परत पिळा, माझ्या अनुभवात लझान्या पातळ होण्यात पालकाचा वाटा चीजपेक्षाही जास्त असतो. मग रिकोटात पालक, मिरपूड, किसलेला लसूण आणि चिमूटभर जायफळ. जायफळ विसरू नका, आपण श्रीखंडात घालतो त्याच कारणासाठी, दुधाच्या पदार्थाला ते उठाव देतं. अंडं चालत असेल तर दोन डब्यांना दोन अंडी, थर छान धरून राहतात, नसेल चालत तर सोडून द्या, निथळलेल्या रिकोटाला अंड्यावाचून काही अडत नाही. ट्रेमध्ये पास्ता, सॉस आणि हे सारण असे थर लावून झाले की ३७५ डिग्री फॅरनहाइटला फॉइल लावून ४० मिनिटं, फॉइल काढून १०-१५ मिनिटं, आणि बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही. घाईनं कापला की चांगला लझान्या पण सांडतो.

कॉटेज चीज वापरणार असाल तर ४ टक्के फॅटचं घ्या, फॅट फ्री अजिबात नको, स्मॉल कर्ड, म्हणजे बारीक दाण्यांचं, मिळालं तर बरं. चाळणीत अर्धा तास ठेवा म्हणजे क्रीम खाली येईल, मग दाणे मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवा, एकदम गुळगुळीत होईपर्यंत, नाहीतर दाताखाली दाणे लागतात. बिनअंड्याचं करत असाल तर यात डब्यामागे एक टेबलस्पून कॉर्नस्टार्च (आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते) घाला. आणि वरून मीठ घालू नका, आधी चाखा, कारण कॉटेज चीजमध्ये मीठ खूप असतं, लेबलवर अर्ध्या कपाला सोडियम ३५० ते ४५० मिलिग्रॅमपर्यंत दिसेल, रिकोटात त्याच्या निम्म्याहून कमी. खाली निथळलेलं क्रीम फेकू नका, त्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात, फक्त कणकेत मीठ घालू नका.

शाकाहारी म्हणालात म्हणून एक अगदी महत्त्वाचं. वरून पार्मेजान चीज घालायचं असेल तर अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध जमवणाऱ्या एन्झाइमनं, बनतं, त्यांच्या नियमातच ते आहे. कट्टर शाकाहारी लोक येणार असतील तर ते घालू नका. दुकानात मायक्रोबियल किंवा व्हेजिटेबल रेनेट लिहिलेलं चीज मिळतं ते घ्या, मोझरेलाचं लेबल पण बघा, आणि रिकोटाच्या घटकांत व्हे लिहिलेलं असेल तर तो व्हे कुठल्या चीजचा हे डब्यावरून कळत नाही, तेव्हा दूध-व्हिनेगरवालाच डबा घ्या. पॉटलकला मी नेहमी आधी सांगून टाकते कशात काय आहे, समोरच्याला विचारायला संकोच वाटतो.

आणि रिकोटा घेतलंत तर एक डबा जास्त घ्या, गोडाला. इथल्या आपल्या लोकांनी रिकोटाचा जो उपयोग केलाय तो फार हुशारीचा आहे. एक डबा रिकोटा, अर्धा कप साखर, वेलची, मफिनच्या ट्रेमध्ये घालून ३५० डिग्रीला ३५-४० मिनिटं, आणि गार झाल्यावर केशराच्या आटीव दुधात सोडलं की रसमलाई. बंगाली माणसाला ती रसमलाई वाटणार नाही, ती स्पंजसारखी दाबली जात नाही, पण चव फार छान येते. कंडेन्स्ड मिल्क आणि मिल्क पावडर घालून मायक्रोवेव्हमध्ये कलाकंद होतो, आमच्याकडे गणपतीत एक दिवस तोच प्रसाद असतो. इथे मात्र कॉटेज चीज चुकूनही घालू नका, त्या मिठानं सगळं वाया जाईल. कॉटेज चीज थालीपिठाच्या भाजणीत, पराठ्याच्या सारणात, धिरड्यात सुंदर लागतं. दोन्हीला आपापली जागा आहे.

भारतातलं कोणी हे वाचत असेल तर, रिकोटा तिकडे महाग मिळतं, घरी करा. दोन लिटर फुल क्रीम दूध उकळी यायच्या जरा आधीपर्यंत तापवा, गॅस बंद, तीन-चार टेबलस्पून लिंबाचा रस, एकदाच हलकं ढवळा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा, मग फडक्यावर ओतून निथळू द्या, पिळायचं नाही, वर वजन ठेवायचं नाही. वजन ठेवलंत की पनीर झालं. काही जण सांगतात की पनीरचं उरलेलं पाणी परत उकळा, त्यातून खरं इटालियन रिकोटा निघेल. मी तीन वेळा केलं, चमचाभर पण निघालं नाही. कारण आपण पनीरला दूध आधीच कडकडीत तापवतो, त्यामुळे व्हेची प्रोटीन्स पनीरमध्येच अडकून आलेली असतात, पाण्यात काही उरतच नाही. चक्क्याच्या पाण्याचं पण तेच, दही लावायच्या आधी आपण दूध उकळलेलं असतं. इटलीत चीज करताना दूध कोमटच असतं, रेनेटनं जमवतात, म्हणून त्यांच्या पाण्यात प्रोटीन शिल्लक राहतं. तेव्हा ते पाणी उकळत बसू नका, आमटीत घाला.

शेवटचं तुम्ही विचारलं होतं की आदल्या दिवशी करून ठेवला तर चालेल का. चालेल, उलट बरा. शुक्रवारी रात्री थर लावून, न भाजता, फॉइल लावून फ्रीजमध्ये ठेवा, शनिवारी अर्धा तास आधी बाहेर काढा आणि भाजताना दहा मिनिटं जास्त द्या. कॉटेज चीजचा असेल तर असं रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी करा. उरलेलं उघडं रिकोटा चार-पाच दिवसांत संपवा, फ्रीझरमध्ये टाकलंत तर नंतर रवाळ होतं, कलाकंदाला चालतं. काही अडलं तर इथेच विचारा, शनिवारपर्यंत मी बघत राहीन.