महालक्ष्म्यांची पावले : मुठीची की स्टिकरची?

प्रश्न : भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. सासूबाई अंगणातील तुळशीपासून देवघरापर्यंत मुठीने पावले उमटवीत असत. आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो आणि गुळगुळीत फरशीवर तयार स्टिकर चिकटवतो. यात काही दोष आहे का? हाताने उमटवायची झाल्यास पावले कुठून सुरू करावीत?
– एक वाचक, परभणी

उत्तर : दोष मुळीच नाही, तरीही पावले हातानेच उमटवावीत, असे आम्हांस मनापासून वाटते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मुळावर विसर्जन असा हा तीन दिवसांचा कुळाचार असून, पहिल्या दिवशी मुखवटे घेऊन येणारी सुवासिनी ज्या वाटेने घरात येते, ती वाट ही पावले दाखवतात. जुन्या वाड्यांत ती वाट थेट देवघराकडे जात नसे. स्वयंपाकघर, धान्याची कोठी, तिजोरी, कुठे कुठे गोठासुद्धा, अशी ती घरभर फिरे आणि प्रत्येक ठिकाणी ‘महालक्ष्मी कशाच्या पावलांनी आली?’ असे विचारले की ‘धनधान्याच्या पावलांनी’, ‘सोन्याच्या पावलांनी’ अशी उत्तरे मिळत. स्टिकर पाकिटात असतील तेवढेच पुरतात. मुठीच्या पावलांना ती मर्यादा नाही. फ्लॅटमध्ये कोठी नसली तरी धान्याचा डबा असतोच, तिथपर्यंत पावले अवश्य न्यावीत.

कोरडी रांगोळी गुळगुळीत फरशीवर लगेच विस्कटते आणि कुंकवाच्या पाण्याचा डाग शहाबादी फरशीवर राहून जातो. म्हणून तांदूळ भिजवून, बारीक वाटून सरबरीत करून घ्यावेत. दाराकडे पाठ करून बसावे, म्हणजे पावले आत येणारी उमटतात. उजव्या मुठीची करंगळीकडची कड त्यात बुडवून टेकवली की उजवे पाऊल होते, डाव्या मुठीने डावे. नंतर आतल्या बाजूस अंगठ्याचा मोठा ठिपका आणि त्याला लागून चार बोटांचे लहान होत जाणारे ठिपके द्यावेत. घरातील मुलांनाही हे काम जरूर द्यावे; त्यांच्या मुठींची पावले फार गोजिरी दिसतात.

सामाईक जिन्यात पावलांवर लोकांचे पाय पडतात, तेव्हा आपल्या उंबरठ्यापासूनच सुरुवात करावी. तेथील पहिले पाऊल उजवे असावे.