लाईट गेली की लॅपटॉपही जातो

प्रश्न : ताई, केज तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज असं काम चालतं. लॅपटॉप सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत चार्जिंगलाच असतो. नवा होता तेव्हा लाईट गेल्यावर तीन तास चालायचा. दोन वर्षांत ते पंचवीस मिनिटांवर आलं. परवा एका शेतकऱ्याचा अर्ज भरून होत आला होता, कागद अपलोड करतानाच लॅपटॉप बंद पडला. एकजण म्हणतो, दर आठवड्याला बॅटरी शून्यावर आणून पुन्हा फुल करत जा. दुसरा म्हणतो, बॅटरीच काढून ठेव, नुसत्या चार्जरवर चालव. काय करू? दुकान पत्र्याचं आहे.
— सेवा केंद्र चालक, जि. बीड

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी लिहिलीत. दुकान पत्र्याचं आहे. परभणीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि मे-जूनमध्ये माझ्याकडे बॅटरी गेलेले जे लॅपटॉप येतात, त्यांच्या मालकांना मी पहिल्यांदा हेच विचारते : वर स्लॅब आहे, माळवद आहे की पत्रा?

लॅपटॉपमधली लिथियम-आयन बॅटरी दोन गोष्टींनी लवकर म्हातारी होते. एक उष्णता, दुसरी सतत काठोकाठ भरलेली असणं. दोन्ही एकत्र आल्या की तिचा टिकाव लागत नाही. तुमच्याकडे वर तापलेला पत्रा, खाली प्रोसेसरची ऊब आणि बॅटरी बारा-बारा तास शंभर टक्क्यांवर. बोअरच्या पाण्यानं हिटरच्या कॉइलवर क्षाराचा थर कसा चढतो, ते तुम्ही पाहिलंय. बॅटरीच्या आत चार्ज होताना लिथियम जिथं साठतं, त्या ग्रॅफाइटच्या पट्टीवर असाच एक थर चढत असतो आणि तो चढताना बॅटरीतलंच लिथियम वापरून टाकतो. तेवढं लिथियम मग वीज साठवायला उरत नाही. उष्णतेत हा थर भराभर वाढतो. चाळीस अंशांत वर्षभर फुल चार्ज ठेवलेल्या बॅटरीची क्षमता साधारण एक तृतीयांशानं घटते. तीच बॅटरी त्याच उष्णतेत चाळीस टक्के भरून ठेवली, तर घट पंधरा टक्क्यांच्या आसपास राहते. आपल्याकडे उन्हाळ्यात चाळीस अंश म्हणजे बाहेरच्या सावलीतलं तापमान. पत्र्याखालच्या चालू लॅपटॉपच्या पोटात त्याहून बरंच जास्त असतं.

आता तुम्हाला मिळालेले दोन सल्ले. शून्यावर आणून फुल करायचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा आहे, तिला अर्धवट उतरवून भरायची सवय लागायची आणि मग ती तेवढीच चालायची. लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ साली बाजारात आणली. तिला ही सवय लागत नाही, उलट वारंवार शून्यावर नेलं की तिचं नुकसानच होतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा दहा टक्क्यांपर्यंत उतरवून पुन्हा भरली तर स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा जाग्यावर येतो, इतकाच उपयोग. दुसरा सल्ला तुमच्या कामाला चालणारच नाही. बॅटरी काढली तर लाईट जाईल त्या क्षणी लॅपटॉप बंद, म्हणजे पुन्हा त्या शेतकऱ्याचा अर्ज अर्धाच.

त्याऐवजी लॅपटॉपलाच सांगा की ऐंशी टक्क्यांवर थांब. ही सोय बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये असते, फक्त दुकानदार दाखवून देत नाहीत. लेनोवोमध्ये व्हँटेज नावाच्या ॲपमध्ये कॉन्झर्व्हेशन मोड असतो, आसुसमध्ये मायआसुस ॲपमध्ये बॅटरीची काळजी घेणारा पर्याय असतो, डेलच्या जुन्या लॅपटॉपमध्ये तो पॉवर मॅनेजरमध्ये मिळतो. एचपीच्या अनेक लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बॅटरी हेल्थ मॅनेजर शोधावा लागतो. एकदा चालू केलं की दिवसभर चार्जर लावलेला असला तरी बॅटरी काठोकाठ भरत नाही. मला विचाराल तर दिवसभर प्लगला असणाऱ्या लॅपटॉपसाठी याहून मोठा उपाय नाही, आणि तो फुकट आहे.

पण आधी बॅटरीत किती जीव उरलाय ते बघा. स्टार्टमध्ये सीएमडी टाकून काळी खिडकी उघडा. तिथं इंग्रजीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी असं सलग टाइप करा, एक जागा सोडा, तिरकी रेघ (/) द्या आणि लगेच बॅटरीरिपोर्ट हा शब्द जोडून लिहा. एंटर दाबलं की एक फाईल तयार होते आणि ती कुठं ठेवली ते तिथंच दिसतं. तिच्यात दोन आकडे पाहायचे : डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपचे आकडे ४१,००० आणि २३,८०० होते, म्हणजे अठ्ठावन्न टक्के जीव. तो अजून वर्षभर चालेल. तुमचे तीन तासांचे पंचवीस मिनिटं झालेत, म्हणजे सातवा हिस्सा उरलाय. खरं सांगते दादा, ही बॅटरी आता कुठल्याही उपायानं परत येणार नाही. बदलावीच लागेल. वर सांगितलेलं सगळं नव्या बॅटरीसाठी.

बदलताना स्वस्तातली, नाव नसलेली बॅटरी घेऊ नका. काही वर्षांपूर्वी मी एका अंगणवाडी ताईंना अशीच बॅटरी बसवून दिली होती. लेबलवर मोठा आकडा होता, मशीनमध्ये लावल्यावर रिपोर्टही ठीक दिसला. पाच महिन्यांत बॅटरी बसली. ताईंना मी पूर्ण पैसे परत केले, पण त्यांचं महिन्याभराचं काम अडलं, ते माझ्यामुळं. तेव्हापासून कंपनीची बॅटरी मिळत नसेल तर मी ग्राहकाला थांबायला सांगते.

आणखी एक. लाईट गेल्यावरचे तास लॅपटॉपच्या बॅटरीतून काढू नका, तो भार इन्व्हर्टरवर टाका. घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी बारा व्होल्टला सुमारे १,८०० वॉट-अवर साठवते, लॅपटॉपची साधारण चाळीस-पन्नास. तुमचं काम अर्ज आणि ठशाच्या मशीनचं आहे, एवढा भार इन्व्हर्टर आरामात ओढेल. लेझर प्रिंटर मात्र त्याच्यावर लावू नका.

टेबल पत्र्याच्या भिंतीपासून हात-दीड हात दूर घ्या. लॅपटॉपखाली मागच्या बाजूला लाकडाचे दोन तुकडे ठेवा, वारा आत शिरेल. कूलरचा झोत सरळ लॅपटॉपवर येऊ देऊ नका, त्याच्यासोबत पाण्याचे तुषार येतात. आणि वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या. जिनिंगच्या शेजारच्या दुकानांतून माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपमध्ये पंख्याच्या जाळीवर रुईची अक्षरशः वाकळ विणलेली असते. वारा निघायला जागाच नसते, मग सगळी धग बॅटरीकडे वळते.

प्रश्न : मी लातूरला खोली करून राहते, नीटची तयारी करते. भावानं जुना लॅपटॉप दिलाय. अभ्यासिकेत चार्जिंगचे बोर्ड दोनच आहेत, ते नेहमी भरलेले. बॅटरी दीड तासात उतरते. रात्री गादीवर ठेवून लेक्चर बघते. बॅटरी लगेच बदलायला पैसे नाहीत.
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बदलू नकोस, दीड तास पुरेसा आहे, तो ताणता येतो. पहिल्यांदा स्क्रीनचा उजेड कमी कर. हलक्या कामात सगळ्यात जास्त वीज स्क्रीनच खाते. अभ्यासिकेत ट्यूबलाईट असतेच, निम्म्या उजेडात अक्षरं नीट दिसतात. मग बॅटरी सेव्हर अगदी शंभर टक्क्यांपासूनच चालू ठेव. वीस टक्के उरल्यावर तो लागला तर वाचवायला काही शिल्लक नसतं. लेक्चर खोलीवरच डाउनलोड करून ने, अभ्यासिकेत वाय-फाय बंद ठेव. फळ्यावरचं वाचता येईल इतक्याच दर्जाचा व्हिडिओ पुरे. ब्राऊझरच्या पंधरा खिडक्या उघड्या ठेवायची सवय असेल तर ती मोड.

जेवायला जाताना झाकण नुसतं मिटू नकोस, हायबरनेट कर, म्हणजे उघडं काम जसंच्या तसं जपून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. झाकण मिटलेला लॅपटॉप बॅगेत बसून बॅटरी पीत राहतो, कधी कधी बॅग गरम लागते ती त्यामुळंच.

आणि गादी. हे मात्र आजपासून बंद. खालची हवा आत घ्यायची जाळी गादीत बुडते, पंखा जिवाच्या आकांतानं फिरतो, बॅटरीही उतरते आणि तिचं आयुष्यही जातं. एक मोठी पाटी किंवा लाकडी फळी घे, तिच्यावर ठेव. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर पुढंमागं पैसे जमल्यावर एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क टाक. वेग तर इतका वाढतो की तुला नवा लॅपटॉप घेतल्यासारखं वाटेल, शिवाय बॅटरीलाही थोडा आराम मिळतो. परीक्षेला मनापासून शुभेच्छा, मुली.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा माऊसपॅड वर उचलल्यासारखा झालाय, दाबला जात नाही. झाकणही नीट बसत नाही. पाचर घालून किंवा स्क्रू आवळून बसेल का?
— निवृत्त शिक्षक, वसमत

उत्तर : गुरुजी, हे वाचताय तोच चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा. माऊसपॅड बिघडलेला नाही, त्याच्याखालची बॅटरी फुगलीय. आतल्या रसायनांचा वायू होऊन ती फुगते. स्क्रू आवळलात किंवा वरून दाब दिलात तर आतले थर एकमेकांना टेकून आग लागू शकते. काही लोक सुईनं टोचून हवा काढतात, तो विचारही मनात आणू नका.

लॅपटॉप पलंगावर किंवा कागदांच्या ढिगावर ठेवू नका, फरशीवर मोकळ्या जागी ठेवा. जाणकार माणसाकडून बॅटरी काढून घ्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत नको आणि भंगारवाल्यालाही नको. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत, त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना कंपनीच्या सेवा केंद्रात जुनी जमा करा. त्यांनी टाळाटाळ केली तर नियमाचं नाव घ्या.

प्रश्न : मुलगा पुण्याला गेलाय, त्याचा लॅपटॉप चार महिने कपाटात राहणार आहे. फुल चार्ज करून ठेवू का?
— एक पालक, जालना

उत्तर : फुल नको. पन्नास टक्क्यांच्या आसपास आणून पूर्ण बंद करा. कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर लॅपटॉप दुसऱ्या खोलीत, घरातल्या सगळ्यात थंड जागी ठेवा. दोन महिन्यांनी एकदा काढून बघा, वीस-पंचवीस टक्क्यांवर आला असेल तर पुन्हा पन्नासपर्यंत भरा.