गॅप सोड, पण सोडू नकोस

तुझी व्हॉइस नोट दोनदा ऐकली. आठ मिनिटांची आहे आणि त्यातली पहिली तीन मिनिटं तू 'सॉरी काका, डिस्टर्ब करतेय' यातच घालवलीस, ते पुढच्या वेळी नको. मागे ग्राइंडर चालू होता, रात्री साडेनऊला, म्हणजे तू अजून साइटवरच होतीस. जेवलीस का वगैरे मी विचारत नाही, ते तुझी आई विचारेल.

मला कळलं ते असं, चुकत असेन तर सांग. दक्षिण गोव्यातलं मोठं रिसॉर्ट, लॉबीची समुद्राकडची बाजू अख्खी काचेची, कमानीसारखी वळलेली. त्रिज्या 18 मीटर, 24 काचा, एकेक दीड मीटर रुंद आणि 4.2 मीटर उंच, बेंट लॅमिनेटेड, म्हणजे वळवलेल्या दोन काचा मधल्या थराने एकमेकींना चिकटवलेल्या, 10 अधिक 10 मिमी. मधे फ्रेम नाही, खाली चॅनल, वर चॅनल, म्हणजे काच बसायची मेटलची खाच, दोन काचांत 12 मिमीचा सिलिकॉन जॉइंट. वरच्या स्लॅबवर स्विमिंग पूल आणि झाडांचे प्लांटर. स्टील अजून अर्धंच उभंय आणि तुला सांगतायत की ड्रॉइंगवरून ऑर्डर टाक, काच बाहेरून कंटेनरने येणार, तीन महिने जातील, पावसाच्या आत लॉबी बंद झाली पाहिजे. त्यात आर्किटेक्टला वरचा चॅनल जाड दिसतोय म्हणून 50 मिमी खोलचा 30 करायचाय. आणि तुझा प्रश्न काय तर, 'काका, सही करू का?'

चॅनलच्या कागदावर नको करूस. ऑर्डरचं खाली लिहितो, ते जरा वेगळं आहे.

आता चॅनलचं बघ. 50 मिमी खोल चॅनल, काच त्यात 18 गेली, वर 32 मोकळे. हे 32 कुणाला दिसत नाहीत म्हणून सगळ्यांना वाटतं की ते फुकट गेलेत. खालच्या चॅनलमध्ये काच 20 आत बसते. बसवताना काय करतो आपण? आधी वर घालतो, वर ढकलतो, मग खालच्या चॅनलच्या ओठावरून आत घेऊन ब्लॉकवर, म्हणजे खालच्या ठोकळ्यांवर, सोडतो. म्हणजे 20 मिमी तर नुसतं उचलायलाच लागले. उरले 12. सव्वातीनशे किलोची वळलेली काच, व्हॅक्यूम लिफ्टरला लटकलेली, समुद्राचा वारा, त्यात 12 मिमी म्हणजे काय चैन नाही गं. आता चॅनल 30 चा कर. काच 18 आत, मोकळे राहिले 12, आणि उचलायचंय 20. जाणारच नाही. मग काय होतं तेही सांगतो कारण मी बघितलंय: पोरं खालच्या चॅनलची एक बाजू ग्राइंडरने उडवतात, काच आत ढकलतात, आणि ती पट्टी सिलिकॉनने परत चिकटवतात. नाहीतर कुणीतरी शहाणा म्हणतो काच 10 मिमी कमी मागवू. मग वर पकड राहते 8 ची. त्या 8 मिमीवर अरबी समुद्राचा जुलैतला वारा अडवायचा.

हे झालं बसवण्यापुरतं. खरा प्रश्न बसल्यानंतर येतो.

गॅप सोड. हे तुला डिप्लोमाला शिकवलंच असेल, काच मेटलला टेकवायची नाही, काँक्रीटला टेकवायची नाही, खाली सेटिंग ब्लॉक, बाजूला गॅस्केट, वर हवा. ते सगळ्यांना माहीत असतं. मी सांगतोय ते दुसरं: सोडलेला गॅप सोडू नकोस. कारण काच साइटवर सगळ्यात शेवटी येते आणि तिच्याआधीच्या प्रत्येकाची चूक तिच्या गॅपमधून वसूल होते. शटरिंग 10 ने खाली आलं, गॅपमधून घे. वॉटरप्रूफिंगवाल्याने एक थर जास्त दिला, गॅपमधून घे. इटालियन मार्बल 18 च्या जागी 20 आला, गॅपमधून घे. आर्किटेक्टला बारीक रेघ हवी, तीही गॅपमधून. सगळे पाच-पाच मिलिमीटर मागतात, 'मॅडम पाचच तर आहे'. तू नवीन आहेस, मुलगी आहेस, समोरचे सगळे वयाने मोठे, पाच मिमीसाठी भांडायला लाज वाटते. मला पण वाटायची.

2011 ची गोष्ट. आखातात एका मोठ्या हॉटेलचं काम होतं, मी तिथे ग्लेझिंगचा, म्हणजे काचकामाचा, साइट इनचार्ज. तुझ्यासारखीच लॉबी, फक्त सरळ, आणि वर टेरेस गार्डन. डिझाइनमध्ये काचेच्या वर 25 मिमीचा गॅप होता. फ्लोअर लेव्हल वर आली, 8 गेले. बीमच्या खालून फायरप्रूफिंगचा थर जाड झाला, 5 गेले. लायटिंगवाल्याने पट्टी घातली, 4 गेले. राहिले 8. प्रत्येक वेळी मी हो म्हणालो, कारण प्रत्येक वेळी मागणी छोटीच होती, आणि एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार. काचा बसल्या, ओळंब्यात, सुतासारख्या सरळ. फोटो काढले. घरी पाठवले.

मग वर माती आली. क्रेनने खजुराची झाडं आली, मुळांच्या गोळ्यासकट. पाणी सोडलं. तिसऱ्या रात्री पहिली काच गेली. महिन्याभरात सात.

लॅमिनेटेड होती म्हणून कुणाच्या अंगावर पडली नाही, तुकडे जागच्या जागी चिकटून राहिले. आणि तिथेच गोची, कारण तुकडे जागेवर राहिले की फुटायला सुरुवात कुठून झाली ते वाचता येतं. मी शिडी लावून वर गेलो. सगळ्या रेघा वरच्या कडेपासून पंख्यासारख्या पसरलेल्या. बीम खाली आली होती, काचेच्या डोक्यावर टेकली होती. टॉर्च मारली तर फटीत उजेड पलीकडे जातच नव्हता.

आणि मी रिपोर्टमध्ये लिहिलं 'निकेल सल्फाइड'.

तुला माहीत असेल, टफन, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेल्या काचेत कधी कधी निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा खडा राहतो, तो पुढे कधीतरी फुगतो आणि काच आपोआप फुटते. म्हणून तर हीट सोक करतात, 260 ते 290 डिग्रीच्या आसपास तापवून ठेवतात, फुटायच्या त्या भट्टीतच फुटतात. पण निकेलने फुटली तर जिथून सुरुवात झाली तिथे दोन मोठे तुकडे शेजारी शेजारी दिसतात, फुलपाखराच्या पंखांसारखे, आणि ते बहुतेक वेळा काचेच्या पोटात कुठेतरी, कडेला नाही. माझ्या सातपैकी एकीतही फुलपाखरू नव्हतं. तरी लिहिलं. खर्च काचवाल्यावर गेला. छोटी फॅक्टरी होती. मालकाचा फोन आला, 'साहेब, हीट सोकचे कागद पाठवलेत, एकदा बघा ना.' मी बघतो म्हणालो. बघितले नाहीत. बघण्यासारखं काय होतं त्यात, ते खरेच होते. त्याने साती काचा फुकट बदलून दिल्या आणि त्या बसवताना मी गुपचूप वरचं फायरप्रूफिंग खरवडून गॅप 20 केला. पुन्हा एकही फुटली नाही. यावरून काय ते समज.

हे मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाहीये.

तेव्हापासून मी गॅपच्या बाबतीत वेडा आहे असं लोक म्हणतात आणि म्हणू देत. 2016 ला कोकणात एका रिसॉर्टवर मी गॅप कमी करायला नाही म्हणालो, मीटिंगमध्ये, मालकासमोर, आवाज चढवून. आठवड्यात मला त्या कामावरून काढलं. माझ्या जागी आलेल्या पोराने त्यांना हवा तसा चॅनल केला आणि, आता हे लपवून काय उपयोग, त्या काचा आजही उभ्या आहेत. मी त्या रस्त्याने जातो तेव्हा गाडी स्लो करून बघतो. तुझी काकू म्हणते, फुटायची वाट बघताय का. नाही बघत. पण वरती त्यांनी गार्डन केलंच नाही, पैसे संपले म्हणून, म्हणजे लोड आलाच नाही, म्हणजे मी चुकलो असं होत नाही ना? मी बरोबर होतो. फक्त ओरडायला नको होतं. कागदावर द्यायला हवं होतं. ओरडलेलं कुणी फाइलला लावत नाही.

म्हणून तू ओरडू नकोस आणि रडूही नकोस, व्हॉइस नोटच्या शेवटी आवाज भरून आला होता तुझा, ते साइटवर कुणाला दिसलं तर पाचाचे दहा मागतील. मेल टाक. दोनच ओळी. काच लागल्यानंतर वरची बीम अजून किती खाली येणार, मिलिमीटरमध्ये, आकडा द्या. स्ट्रक्चरल कन्सल्टंटला मार्क कर, आर्किटेक्टला कॉपी. 'चॅनल कमी करू शकत नाही' असं लिहायचंच नाही. आकडा मागायचा. पूल 1.2 मीटर खोल आहे म्हणालीस, म्हणजे दर चौरस मीटरला 1200 किलो नुसतं पाणी, आणि प्लांटरमधली ओली माती पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. आकडा आला की आर्किटेक्टची बारीक रेघ आपोआप जाड होते, कारण मग खाली सही त्याची लागते.

बॉस्टनच्या हॅनकॉक टॉवरचं तुला माहितीये का? 60 मजली, अख्खा काचेचा. 1973 च्या सुमाराला त्याच्या काचा फुटून खाली पडायला लागल्या, जिथून गेल्या तिथे प्लायवुड ठोकलं, लोक त्याला प्लायवुडचा महाल म्हणायला लागले. शेवटी 10,344 काचा सगळ्याच्या सगळ्या बदलल्या. कारण काय निघालं? डबल ग्लेझिंगच्या दोन काचांमधली पट्टी शिशाच्या डाकाने इतकी घट्ट जोडली होती की तिच्यात हलायला जागाच नव्हती, वाऱ्याचा आणि उन्हाचा ताण सरळ काचेत शिरला. घट्ट बसवलंय म्हणून कौतुक करतात ना आपल्याकडे, ते काचेला चालत नाही.

आता ऑर्डरचं. माझा जीव म्हणतो स्टील पूर्ण उभं राहिल्याशिवाय, टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून स्वतः मोजल्याशिवाय एकही काच मागवायची नाही. टफन काच आली की आली, तिला नंतर कापता येत नाही, घासताही येत नाही. पण मोठ्या कामांत ड्रॉइंगवरून मागवतात, मीही मागवल्यात, खोटं कशाला बोलू. फक्त मग चूक राहायला दुसरी जागा द्यावी लागते. चॅनल थेट बीमला वेल्ड करू देऊ नकोस, मधे स्लॉट होलचे, म्हणजे लांबट भोकांमुळे सरकवता येणारे ब्रॅकेट घे, वर-खाली 25, आत-बाहेर 25. स्टीलची चूक ब्रॅकेटने खायची, काचेच्या गॅपने नाही.

आणि त्रिज्येकडे लक्ष दे. 18 मीटरच्या कमानीत त्रिज्या 50 मिमीने चुकली तर एका काचेकडे बघून तुला काहीही कळणार नाही, तिच्या फुगवट्यात अर्धा मिलिमीटरही फरक पडत नाही. पण तुझी कमान 36 मीटर लांब आहे, तिची लांबी सरळ 100 मिमीने बदलते. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणेल 23 जॉइंट आहेत, प्रत्येकात चार-चार घाल. 12 चा जॉइंट 8 झाला की सिलिकॉनची ताणायची ताकद तिसऱ्या हिश्शाने गेली, हे झालं एक. दुसरं म्हणजे स्टील कधी सारखं चुकत नाही. एका टोकाला बाहेर, मधे आत, दुसऱ्या टोकाला बरोबर. 23 ने भागाकार कागदावर होतो. म्हणून ब्रॅकेट लावायच्या आधी प्रत्येक जॉइंटच्या जागी सेंटरपासून त्रिज्या मोज आणि 23 च्या 23 आकडे भिंतीवर मार्करने लिही, तिथेच, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मॅडमच्या डायरीत चुकलं असेल.

बाकी 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, 304 खाऱ्या हवेत महिन्याभरात चहाचे डाग पडल्यासारखं होतं. सकाळी दव असताना सिलिकॉन भरू देऊ नकोस. हे तुला येतंच.

एक युक्ती सांगतो, हीच माझी तुला खरी मदत. पूलची वॉटरप्रूफिंग टेस्ट होणारच आहे, पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवणारच आहेत. ती तारीख प्लंबिंगवाल्याकडून आजच काढून घे. प्लांटरमध्ये त्याच दिवशी वाळूच्या गोण्या रचायला लाव, कुरकुर करतील, करू दे. पाणी भरायच्या आधी बीमच्या खालून फ्लोअरपर्यंत पाच ठिकाणी माप घे, लेझरने घे, टेप वाऱ्याने पोट काढतो. भरल्यावर दोन दिवसांनी तीच पाच मापं परत. कन्सल्टंटच्या आकड्याची वाट बघत बसायची गरज नाही, तुझ्या हातात तुझा आकडा असेल, आणि कन्सल्टंटचा आला तर दोन्ही शेजारी ठेवून बघ. रिकामं झाल्यावर पुन्हा एकदा मोज, बीम वर जाते तेव्हा चॅनलमधली पकड सुटत नाही ना ते कळेल. काच वर 18 आत आहे आणि बीम 12 वर गेली तर 6 वर लटकतेय ती, हेही गॅपचंच दुसरं टोक, इकडे कुणी बघत नाही.

मापं मला पाठव. साडेनऊनंतर पाठवलीस तरी चालेल, अकरापर्यंत मी जागा असतो. आणि तो चॅनलचा कागद तुझ्या टेबलावरच राहू दे, कुणी विचारलं तर म्हण पाण्याच्या टेस्टची वाट बघतेय.