एमआरआयवरचे पांढरे डाग

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. वीस वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी चक्कर आली म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टात 'पांढऱ्या भागात बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेले बदल, फॅझेकास ग्रेड २' असा शेरा आहे. फिल्म देणाऱ्या माणसानं त्यांच्या तोंडावरच सांगितलं, "शिरा सुकत चालल्यात, आता विसरायला लागतील." तेव्हापासून ते पेपर उघडत नाहीत, नातवाला शाळेत सोडायला जात नाहीत. मेव्हणे म्हणतात, मुंबईत डीटीआय नावाचा स्कॅन होतो, त्यात पुढचं सगळं कळतं. करावा का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : डीटीआय करू नका. आणि वडिलांना आज जेवताना सांगा, की तुम्ही पाठवलेला रिपोर्ट मी दोनदा वाचला, त्यात 'विसरायला लागतील' असं कुठंही लिहिलेलं नाही. एका वाक्यानं माणूस घरात बसतो, याचा मला फार त्रास होतो.

मेंदूचा पांढरा भाग म्हणजे आतल्या तारांचं जाळं. तारांवरच्या चरबीच्या वेष्टनामुळे तो पांढरा दिसतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या लांब आणि केसासारख्या बारीक. तुमच्याकडे कालव्याला पाणी सुटलं तरी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचेलच असं नसतं, तसंच इथं होतं. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं राहिलं की त्या वाहिन्या कडक होतात, टोकाचा भाग उपाशी राहतो आणि एमआरआयवर तो जास्तच पांढरा चमकतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या फ्रान्झ फॅझेकास यांनी १९८७ मध्ये त्याला शून्य ते तीन असे ग्रेड दिले. दोन म्हणजे सुटे ठिपके एकमेकांना भिडू लागलेत.

यावरून भविष्य कळतं का? गटाचं बऱ्यापैकी कळतं. युरोपातल्या ११ केंद्रांनी मिळून ६३९ ज्येष्ठांचा लाडिस नावाचा अभ्यास केला. हे सगळे सुरुवातीला आपलं आपण करणारे होते. तीन वर्षांत परावलंबी होण्याचा किंवा दगावण्याचा धोका तीव्र बदल असलेल्यांमध्ये सौम्यवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. मधले लोक मात्र सौम्यवाल्यांच्या जवळ होते. तुमचे वडील त्या मधल्यांत येतात. त्या मधल्या गटातही कोण घसरेल आणि कोण तसाच राहील, हे फिल्म सांगत नाही.

डीटीआयमध्ये पाण्याचे कण तारांच्या दिशेनं किती सरळ सरकतात ते मोजतात. वेष्टन झिजलं की ते इकडेतिकडे पांगतात. डाग दिसण्याआधीची झीजही यात पकडता येते, म्हणून संशोधनात त्याचं मोल मोठं आहे. पण यंत्र बदललं की आकडा बदलतो. एका माणसाच्या आकड्यावरून 'याला स्मृतिभ्रंश होणार' असं सांगावं, अशी सर्वमान्य रेषा अजून नाही. मेव्हण्यांना एवढं सांगा.

माझ्या आईच्या फिल्मवर ग्रेड २ च आहे. चार वर्षांनी दुसरी फिल्म काढली. दोन्ही मी स्वयंपाकघराच्या खिडकीला शेजारी शेजारी धरून पाहिल्या. डावीकडचा एक डाग वाढलाय, बाकी तसेच. भिशीचा हिशोब ती अजून तोंडी करते, पण पूर्वीपेक्षा सावकाश. जिन्याच्या वळणावर हात भिंतीला जातो, आणि चालताना बोलायचं असलं की आधी थांबते. या आजारात बहुतेकदा आठवणीआधी वेग जातो, चाल जाते. म्हणून मी फिल्मइतकंच पेशंटच्या पावलांकडे बघते. वडिलांना चार फुल, तीन हाफ तिकिटांचे पैसे करायला सांगा. उत्तर बरोबर येतं का, यापेक्षा पूर्वीच्या मानानं किती वेळ लागतो ते बघा.

हातात असलेली गोष्ट बीपी. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत मधुमेह नसलेले, पन्नाशीपुढचे नऊ हजारांवर लोक होते. २०१९ मध्ये त्याचे मेंदूविषयीचे निष्कर्ष आले : वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचं लक्ष्य असलेल्यांमध्ये बौद्धिक क्षमतेची सौम्य घट १९ टक्क्यांनी कमी आढळली, पांढरे डागही कमी वाढले. मात्र वडिलांना चक्कर आलेली आहे, तेव्हा गोळी आपल्या मनानं वाढवू नका. सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा, आधी बसून, मग उभं राहिल्यावर, आणि तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेह आणि बी-१२ ही तपासून घ्या. तंबाखू असेल तर आजच सुटली पाहिजे.

चक्कर थांबलेली असेल, तर सोमवारी नातवाला त्यांच्याबरोबरच शाळेत पाठवा. पहिले काही दिवस तुम्ही चार पावलं मागून चाला. वळताना पाय अडखळतो का, नातवाशी बोलताना ते थांबतात का, हे बघून मला कळवा.