ग्रहण पाचव्या महिन्यात, गुणसूत्र त्याआधीच

"मॅडम, दोन्ही घरांत असं कुणीच नाही. मग हे आलं कुठून?" बाळाला डाउन सिंड्रोम असल्याचं कळलं की समुपदेशनात मला हा प्रश्न येतोच, आणि तो विचारताना घरच्यांची नजर आईकडे वळते.

त्यातलंच हे एक कुटुंब. ओळखीचे तपशील बदलले आहेत. आई २६ वर्षांची, मुलगी दोन महिन्यांची, सोबत नवरा आणि सासूबाई.

"ग्रहणात भाजी चिरली हिने. बजावलं होतं मी," सासूबाईंनी सुरुवात केली. सून दुपट्याचं टोक पिळत बसली होती. ग्रहणावर वाद मी घालत नाही. वाद घातला की माणसं पुढच्या भेटीला येत नाहीत. मी बाळाच्या कॅरिओटाइपचा, म्हणजे जोड्या लावून मांडलेल्या गुणसूत्रांचा फोटो पुढे केला.

"काकू, जोड्या मोजा."

बोट ठेवत ठेवत त्या एकविसाव्या जागेवर थांबल्या. "इथे तीन आहेत."

रिपोर्टवर तेच लिहिलं होतं: ४७,एक्सएक्स,+२१. म्हणजे एकूण ४७, मुलगी, एकविसावं एक जादा. एरवी पेशीत गुणसूत्रं ४६, म्हणजे २३ जोड्या. बीज तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजनात प्रत्येक जोडीतलं एकेकच बीजात जायला हवं. एकविसावी जोडी सुटली नाही, तर एका बीजात दोन्ही जातात. जोडीदाराकडून एक आलं की झाली तीन.

"ग्रहण कितव्या महिन्यात होतं?"

"पाचव्या."

"तोवर ४७ होऊन चारेक महिने उलटले होते, काकू."

ग्रहण सुटलं, पण दोष सुटला नाही. दुसऱ्या भेटीत सून म्हणाली, "म्हणजे माझंच बीज बिघडलं ना?" इथे खोटा दिलासा देऊन चालत नाही. जादा एकविसावं दहापैकी नऊ वेळा आईच्या बीजातूनच आलेलं असतं. त्यामागचं कारण मात्र सांगावंच लागतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची स्त्रीबीजं विभाजन सुरू करून मध्येच थांबतात. जोडीतली गुणसूत्रं एकमेकांना धरून वर्षानुवर्षं थांबतात, आणि ज्या महिन्यात बीज सुटायचं त्या महिन्यातच पहिलं विभाजन पुरं होतं. धरून ठेवणारा बंध वयाबरोबर सैल होतो. म्हणून २५व्या वर्षी साधारण १२५०त एक असलेली शक्यता ४०व्या वर्षी शंभरात एक होते. पण शून्य ती कुठल्याच वयात नसते.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा मुलगा ज्या बीजातून झाला, ते मी माझ्या आईच्या पोटात असतानाच होतं?"

"हो."

"मग त्यात मी काय केलं होतं?" असं म्हणून त्यांनी सुनेच्या मांडीवरचं बाळ स्वतःकडे घेतलं. हे वाक्य मी त्यांच्या तोंडात घातलं नव्हतं. माहिती कुठे थांबवायची आणि गप्प कधी बसायचं, एवढंच माझ्या हातात होतं. दोष काढणाऱ्याला स्वतःच्या शरीराचा हिशेब दिसला, तरच तो सैल पडतो, असं माझं मत आहे.

तिसरी भेट पुढच्या बाळाची. +२१ असेल तर आईवडिलांची गुणसूत्रं तपासायची सहसा गरज नसते. तरुण आईला पुन्हा तसंच होण्याची शक्यता सुमारे १ टक्का. मात्र रिपोर्टमध्ये ट्रान्सलोकेशन, म्हणजे जादा एकविसावं दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असेल, तर दोघांचीही तपासणी हवीच. म्हणूनच नुसता चेहरा पाहून केलेल्या निदानावर थांबू नये. रक्त हेपरिनच्या, म्हणजे हिरव्या बुचाच्या नळीत घ्यायचं. पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या असतात. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गेलं की वाढ नीट होत नाही आणि दोन आठवडे फुकट जातात. पुढच्या गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही आईच्या रक्ताची चाचणी, किंवा १० आठवड्यांनंतर एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएची चाचणी. या फक्त चाळण्या आहेत. पक्कं निदान वारेच्या किंवा गर्भजलाच्या तपासणीनेच होतं.

नवरा हे लिहून घेत होता. सासूबाईंना मात्र आत्ताच्या बाळाचं हवं होतं. हृदयाची टूडी इको झाली नव्हती. निम्म्या बाळांत हृदयदोष असतो, ती त्याच आठवड्यात करायची ठरली. थायरॉइडची तपासणी जन्मानंतर, मग सहा महिने, वर्ष आणि पुढे दरवर्षी. "सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर मीच लिहिते," त्या म्हणाल्या.