मालिकेतलं बावळट पात्र ऐन वेळी एवढं हुशार कसं होतं? लेखकांना हे दिसत नाही का?

दिसतं हो. तुमच्या आधी लिहिणाऱ्याला दिसतं. पन्नास भाग जिला स्वतःच्या फोनचं लॉक काढता येत नव्हतं, ती सून एकावन्नाव्या भागात वकिलाला कलमं ऐकवते, हेच उदाहरण घ्या. होतं असं की शेवट आधी ठरतो. शनिवारच्या भागात दिराचं कारस्थान उघडं पडलं पाहिजे आणि ते सुनेनेच पाडलं पाहिजे, एवढं पक्कं असतं. कसं, ते कोणी ठरवलेलं नसतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. तो ‘कसं’ शेवटी संवादवाल्याच्या गळ्यात पडतो आणि तोवर पेरणी करायचे, म्हणजे या वळणाचा धागा आधीच सहज टाकून ठेवायचे, सगळे भाग शूट होऊन गेलेले असतात. त्याच्या हातात उरतात फक्त शब्द. मग सून भाषण करते.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: आपल्या पुराणांत तरी कुठे लॉजिक होतं? हे म्हणणाऱ्यांनी महाभारतातलं वनपर्व उघडलेलं नसतं, एवढं मी खात्रीने सांगतो. नळ राजा द्यूतात आपल्या भावाकडे, पुष्कराकडे, राज्य घालवतो आणि शेवटी त्याच पुष्कराला त्याच खेळात हरवतो. मधे काय घडतं ते बघा. नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झालाय. रथ विदर्भाकडे धावत असताना ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याकडे बघून त्याची पानंफळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवतो, झाड पाडतो, मोजतो. आकडा बरोबर. मग तो ती मोजणीची आणि फाशांची विद्या मागतो आणि बदल्यात आपली अश्वविद्या देऊ करतो. म्हणजे शिकवणारा कोण ते कळलं, विद्या खरी आहे याची डोळ्यांदेखत परीक्षा झाली, किंमतही ठरली. झाडसुद्धा बेहड्याचं, ज्याच्या फळांचे तेव्हा फासे करत. वर आणखी एक हिशोब: ही कथा बृहदश्व ऋषी सांगतात ती द्यूतात सर्वस्व घालवून बसलेल्या युधिष्ठिराला, आणि सांगून झाल्यावर त्याला अक्षविद्या, म्हणजे हीच फाशांची विद्या, देतात. म्हणून विराटाच्या दरबारात तोच युधिष्ठिर कंक होऊन राजाचा द्यूतातला सोबती म्हणून राहतो तेव्हा कोणालाही खटकत नाही. शिक्षण मागच्याच पर्वात उरकलंय.

आता तुमच्या सुनेकडे येऊ. तिला कायदा शिकवू नका. तिला एकच गोष्ट माहीत असू द्या, जी तिच्या जगण्यातून आलेली आहे आणि जिच्याकडे वकिलाचं लक्ष जायचं काही कारण नाही. समजा, सासर दादरचं, वाडी डहाणूला, चिकूची. सून त्याच वाडीच्या राखणदाराची मुलगी, दहावीनंतर शाळा सुटलेली. सासरे २०१२ साली वारले. दीर त्यांचं २०११ चं टाइप केलेलं मृत्युपत्र पुढे करतो: वाडी सगळी त्याच्या नावावर. मिळकतीच्या वर्णनात लिहिलंय ‘ता. डहाणू, जि. पालघर’. पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. २०११ साली डहाणू तालुका ठाणे जिल्ह्यात होता. मेलेल्या माणसाने पुढच्या जिल्ह्याचं नाव लिहिलंय.

हे तिलाच का कळावं? कारण तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जि. ठाणे आहे आणि आधार कार्डावर जि. पालघर, आणि या फरकापायी तिने खिडक्यांसमोर उभं राहून बोलणी खाल्ली आहेत. वकिलाला का दिसू नये? तो सही आणि साक्षीदार तपासतोय, आणि आज डहाणू पालघरमध्येच आहे, त्यामुळे ओळ बरोबरच वाटते. हे दुसरं उत्तर पहिल्याइतकंच लागतं. एकाला दिसलं तर बाकीच्यांना का नाही, हे सांगितलं नाही तर सून हुशार ठरत नाही, बाकीचे ठार मूर्ख ठरतात.

कागद कोणता, इथे बहुतेक जण घसरतात. खरेदीखत घेतलंत तर त्याची नोंदणी असते. दुय्यम निबंधक कार्यालयातून इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा उतारा, काढला की विषय संपला, नायिका घरी बसली तरी चालेल. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, स्टॅम्प पेपर लागत नाही, करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. म्हणूनच खोटं करायला सोपं आणि पकडायला अवघड. शिवाय ती मूळ प्रत आहे हे दिराच्याच तोंडून, चार माणसांत, आधीच्या भागात वदवून घ्या. नाहीतर तो म्हणेल, “ही नंतर टाइप केलेली नक्कल आहे,” आणि तुमचा शनिवार बुडाला.

पेरणी कादंबरीत दोनदा पुरते. रोजच्या मालिकेत लोकांचे भाग चुकतात, तेव्हा तीनदा करा आणि तिन्ही वेळा वेगळ्या कामासाठी. एकदा विनोदात: बँकेतला कारकून दोन कागद शेजारी ठेवून विचारतो, “तुम्ही नक्की कुठल्या जिल्ह्याच्या?” एकदा भांडणात: सासू टोमणा मारते की हिला स्वतःचा जिल्हासुद्धा धड सांगता येत नाही. एकदा बापलेकीच्या फोनवर, जाता जाता: “आपला जिल्हा नवा झाला त्याच वर्षी ना तुझं ऑपरेशन?” प्रत्येक दृश्य जिल्ह्यावर संपवू नका, शेवटी दुसरं काहीतरी तापलेलं ठेवा, म्हणजे प्रेक्षक ते घेऊन जातो आणि जिल्हा मनात मागे पडून राहतो. शेवटची पेरणी उलगड्याच्या किमान आठवडाभर आधी. त्याच भागात केलीत तर शेंबडं पोरही ओळखेल.

उलगड्यात तिला लगेच काही कळू देऊ नका. आधी नुसतं खटकू दे. कागद परत मागू दे. मग तारीख. आणि बोलणं एका वाक्याचं: “२०११ मध्ये आमचा जिल्हा ठाणे होता.” पुढचं वकील बोलेल, ते त्याचं काम.

“प्रेक्षकांना पालघर कधी झाला ते माहीत नसतं” असं या धंद्यात बैठकीत हमखास कोणीतरी म्हणतं, बहुधा ज्याने शेवट ठरवलेला असतो तोच. अहो, माहीत नसतं म्हणूनच तीन दृश्यं खर्ची घालायची. शिवाय त्याच प्रेक्षकांतल्या कित्येकांच्या घरात नावाची, तारखेची, जिल्ह्याची चूक असलेला एक तरी कागद असतो. कलमं त्यांना परकी वाटतील, ही अडचण नाही वाटणार.

हे सगळं सगळ्या कथांना लागू नाही, हेही सांगतो. बिरबलाला पेरणी लागत नाही. तो हुशार आहे याच अटीवर गोष्ट सुरू होते. पंचतंत्रातलं माकड “काळीज झाडावर राहिलं” म्हणतं तेव्हा ते हे कुठे शिकलं असं कोणी विचारत नाही, गोष्ट तेवढीच आहे. निव्वळ विनोदी मालिकेत तर योगायोगाने सुटलेलं कोडंच जास्त हसवतं. आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी, याचा उलटा प्रकार जास्त बोकाळलाय: नायिकेला हुशार करता येत नाही म्हणून खलनायकाला मठ्ठ करणं. वरच्या दिरालाही तो आरोप चिकटू शकतो, म्हणून मृत्युपत्र त्याने मुंबईत टाइप करून घेतलं आणि पत्ता चालू वीजबिलावरून उतरवला, एवढं दाखवा.

आणि एकदा दिलेली हुशारी पुढच्या सोमवारी काढून घेऊ नका. जिने मृत्युपत्र पकडलं ती त्याच दिराने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही करणार नाही. तशी सही कथेला हवीच असेल तर तिच्याकडून जबरदस्तीने घ्या, नाहीतर नवऱ्याची घ्या.